साडेपाच ते सव्वासहा

माणसानं हेवा करावा तर आपल्यापेक्षा वरच्याचा करावा, असं आमच्या घरात मानतात. माझ्या चुलत्यानं एका आमदाराचा हेवा केला, मेव्हण्यानं सांगलीतल्या एका बिल्डरचा केला, आणि त्या नादात दोघांची थोडीफार प्रगतीही झाली. मी मात्र सलग सात वर्षं आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळा सहायकाचा हेवा केला. मी एम.एस्सी. बी.एड., कोरेगावातल्या बऱ्या नावाच्या हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक, पाच ग्रुपांचा अ‍ॅडमिन. ते बारावी पास, परीक्षानळ्या धुणारे. खरं तर हेवा त्यांना वाटायला हवा होता, पण त्यांना त्याची आठवणच झाली नाही.

शाळेत त्यांना सगळे लॅबवाले म्हणत. माणूस दहिवडीकडचा, माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातला. थोरला भाऊ अजूनही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो. हे मात्र शिकले, नोकरीला लागले आणि कोरेगावात येऊन राहिले. अंगानं काटक, चालणं लांब ढांगांचं. शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा पुढं पाचशे मेंढरं चालली असावीत तसे जरा मागं राहून, दोन्हीकडं नजर टाकत चालायचे.

त्यांच्याकडे फोन होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण असल्या माणसाविषयी ऐकलं की लोकांना वाटतं, बटणांचा डबडा फोन असेल किंवा मुळात नसेलच. तसं असतं तर माझी काहीच अडचण नव्हती. जुन्या वळणाचा माणूस म्हणून मी त्यांचं चारचौघांत कौतुकही केलं असतं. पण त्यांचा फोन माझ्यापेक्षा भारी होता आणि तो वापरायचा कसा हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. शाळेचा एखादा ऑनलाइन फॉर्म अडला की मुख्याध्यापक माझ्याकडं बघायचे आणि हाक त्यांना मारायचे.

हा फोन दिवसभर प्रयोगशाळेत एका ब्युरेट स्टँडला टांगलेला असायचा. त्यासाठी त्यांनी सुतळीची एक लहानशी जाळी विणली होती. मेंढपाळ लोक रानात मेंढरं कोंडायला जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. तिच्याच गाठी यांनी सुतळीत मारल्या होत्या. फोन त्या जाळीत, तोंड भिंतीकडं. सकाळी अकरा वाजता ते "सोडतो जरा चरायला" म्हणत आणि फोन बाहेर काढत. सव्वाअकराला पुन्हा आत. मग थेट घरी गेल्यावर सात ते आठ. त्यांच्या नावाखाली जिथं लोक शिवरायांचे फोटो किंवा गुलाब लावतात, तिथं त्यांनी लिहून ठेवलं होतं: सकाळी ११ ते ११.१५ आणि संध्याकाळी ७ ते ८ उचलला जाईल. मधे कोण मेलं तर शाळेत फोन करा.

आणि लोक ते पाळायचे. हेवा मला सुरू झाला तो इथं. मी एकदा एका ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं होतं की रविवारी दुपारी कृपया फोन करू नये. त्या रविवारी मला अकरा फोन आले, त्यातले चार, मी असं का लिहिलं हे विचारायला. लॅबवाल्यांना अवेळी फोन करायची कुणाची छाती नव्हती. एकदा मी त्यांना विचारलं की हे तुम्हाला जमतं कसं. ते म्हणाले, "मेंढरू मोकळं सोडलं तर लोकाचं रान खातंय सर, आन् सदा कोंडून घातलं तर उपाशी मरतंय. म्हून टायमाला सोडायचं आन् टायमाला कोंडायचं. त्येला काय लय अक्कल लागत न्हाई." लय अक्कल लागत नाही, हे वाक्य मी महिनाभर मनात घोळवलं. मला जमत नव्हतं म्हणजे माझ्याकडं तेवढीही नव्हती.

त्यांची एक सवय तर फार छळणारी होती. त्यांच्याशी बोलताना समोरच्यानं फोनकडं पाहिलं की ते थांबत. रागानं नव्हे, रुसूनही नव्हे. ज्या शब्दावर असतील तिथं थांबायचे आणि आपण मान वर केली की पुढच्या शब्दापासून सुरू करायचे. एकदा मी स्टाफरूममध्ये असताना ते दारात आले आणि म्हणाले, "सर, गंधकाम्लाची बाटली..." तेवढ्यात माझा फोन वाजला. सातारच्या एका मित्रानं व्हिडिओ पाठवला होता, तो मी पाहिला, त्याला हसरे चेहरे पाठवले, मग दुसरा आला, तोही पाहिला. चांगली चार-पाच मिनिटं गेली असतील. मान वर केली तर लॅबवाले तिथंच उभे. "...फुटलीया," ते म्हणाले. मी ओरडत प्रयोगशाळेकडं पळालो. तिथं सगळं आवरलेलं होतं. मुलांना बाहेर काढून, फरशीवर सोडा टाकून मगच ते मला सांगायला आले होते. माझा वेळकाढूपणा त्यांनी आधीच हिशेबात धरला होता, हे मला त्या आम्लापेक्षा जास्त झोंबलं.

त्यांनी मला कधी फोन कमी वापरा असं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तालुक्याच्या कार्यालयातून प्रयोगशाळेच्या साहित्याची माहिती एकदा तात्काळ मागवली होती, चारच्या आत. त्याच दिवशी मुख्याध्यापकांचा वाढदिवस. ग्रुपवर सकाळपासून केक आणि फुलांचे ढीग पडले होते. मी दिवसभर त्या ग्रुपवर होतो, मी स्वतः दोन केक टाकले होते, आणि त्या ढिगाखालचा तो एक निरोप माझ्या नजरेतून सुटला. साडेचारला मुख्याध्यापकांनी माहिती गेली का विचारलं तेव्हा माझा चेहरा उतरला. लॅबवाले टेबल पुसत होते. पुसता पुसताच त्यांनी सांगितलं की सव्वाअकराच्या आत गेली. दिवसभरात पंधरा मिनिटं फोन बघणाऱ्याला जे दिसलं ते दिवसभर फोन बघणाऱ्या मला दिसलं नव्हतं. आभार मानायचे सोडून मी त्यांना, मला न विचारता माहिती का पाठवली म्हणून दोन शब्द सुनावले. ते म्हणाले, "व्हय, चुकलंच," आणि टेबल पुसत राहिले.

संध्याकाळी सात ते आठमध्ये ते काय करतात हे बघायची मला फार उत्सुकता होती. एकदा काही कारण काढून मी बरोबर सात वाजता त्यांच्या खोलीवर गेलो. ते पाटावर मांडी घालून बसले होते, फोन समोर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, आणि त्यात मेंढरं होती. कोकणातल्या कुठल्याशा रिकाम्या भातखाचरात भाऊ फोन धरून कळपातून फिरत होता, आणि हे इथं कोरेगावात बसून एकेक मेंढी तपासत होते. मधेच म्हणाले, "थांब थांब, ती डावीकडची. लंगडतीया बग. मागच्या खुरात काटा आसंल." भावानं मेंढी धरली, खूर वर केला आणि काटा काढून दाखवला. मी त्या वेळी माझ्या मुलाचा विचार करत होतो. तो पुण्यात असतो. आमचा व्हिडिओ कॉल रोज होतो आणि रोज दीड मिनिटात संपतो, जेवलास का, हो, तुम्ही, हो. त्याच्या पायात काटा असता तर मला कळला नसता.

पण हे सगळं परवडलं असतं. माणसाला शेजाऱ्याचा फोन, शेजाऱ्याची हुशारी, फार तर शेजाऱ्याची मेंढरं सहन करता येतात. ते आमच्या घरात शिरले तेव्हा माझं डोकं फिरलं.

माझे वडील आबा माझ्याजवळच असतात. मिलिटरीत ड्रायव्हर होते. त्या काळी ऐंशीच्या घरात, तब्येत ठणठणीत, आई गेल्यापासून बाहेरच्या सोप्यात खाट टाकून बसायचे. मला ताप आला होता म्हणून लॅबवाले एकदा प्रयोगशाळेची किल्ली द्यायला घरी आले. आबांनी विचारलं, कुठल्या गावचं, आणि ते माण तालुका म्हणाल्यावर म्हणाले, "बस की मग." ते बसले. साडेपाचला आले ते सव्वासहाला गेले. दुसऱ्या दिवशी माझा ताप उतरला होता, किल्ली माझ्याकडंच होती, तरी ते साडेपाचला आले. त्यानंतर रोज. फोन सायकलच्या कॅरिअरवरच्या पिशवीत ठेवायचे, चपला काढायचे आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसायचे.

आबा त्यांना गड्या म्हणायचे. मला त्यांनी जन्मात कधी गड्या म्हटलं नाही, मी त्यांच्या लेखी "आमचं सर" होतो. त्या पाऊण तासात बाहेरून आबांचा आवाज यायचा, कधी हसू यायचं, कधी बराच वेळ काहीच यायचं नाही. मी आत बसून कान लावायचो आणि हातातला फोन वर-खाली सरकवत राहायचो. माझी बायको सांगलीची, स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "एवढं जळताय कशाला? तुमचेच वडील आहेत. जाऊन बसा की बाहेर." मी म्हणालो, मला वेळ नाही. तिनं माझ्या हातातल्या फोनकडं पाहिलं आणि आत गेली.

तरी एकदा मी बसलो. लॅबवाले भावाकडं गेले होते, तीन दिवस येणार नव्हते. मी साडेपाचला फोन आत ठेवला आणि आबांच्या खाटेजवळ खुर्ची घेऊन बसलो. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी विचारलं, चहा झाला का. ते म्हणाले, झाला. मग दोघंही रस्त्याकडं बघत बसलो. थोड्या वेळानं आबांनी काळजीनं विचारलं, "फोन बिघाडला का रं?" मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. म्हणाले, "साताऱ्याला पाठवून दे. हितली दुरुस्तीवाली काय कामाची न्हाईत." दहा मिनिटांत मी उठलो.

आणि मग मी ती गोष्ट केली, जी सांगायला आजही लाज वाटते. आपल्या बापाला एका परक्या माणसाशी रोज पाऊण तास काय बोलायचं असतं, हे मला कळायलाच हवं होतं. एका संध्याकाळी साडेपाचच्या जरा आधी मी माझ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, फोन आबांच्या खाटेवरच्या गोधडीच्या घडीत सरकवला आणि भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो. विज्ञानाचा शिक्षक, पाच ग्रुपांचा अ‍ॅडमिन, पण फोनचा आवाज बंद करायचं डोक्यात आलं नाही. सहा वाजायच्या सुमारास गोधडीतून सनई-चौघडा वाजायला लागला. माझी ती रिंग गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची. मी कोपऱ्यावरच होतो, मलाही आली.

मी धावत घरी आलो तर लॅबवाले फाटकापाशी उभे होते, हातात माझा फोन. आबांना त्यांनी काय सांगितलं होतं कोण जाणे, ते शांतपणे खाटेवर पडले होते. लॅबवाल्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "सर," ते म्हणाले, "तुमचं येक मेंढरू आमच्या कळपात आलं हुतं." एवढंच. पुढं शाळेत कधी कुणाला सांगितलं नाही, टोमणा मारला नाही, दुसऱ्या दिवशी साडेपाचला आलेही. मी त्यांच्या जागी असतो तर त्या एका घटनेवर पुढची पाच वर्षं जगलो असतो.

रेकॉर्डिंग मी ऐकलं. फोन आल्यानं ते मधेच तुटलं होतं, पण होतं तेवढं पुरेसं होतं. आबा त्यांना ट्रकची गोष्ट सांगत होते. ही ट्रकची गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती. लडाखच्या बाजूला बर्फात सगळ्यांच्या मागं राहिलेला ट्रक, थंडीनं इंजिन गारठलेलं, अंधारून यायला लागलेलं. आबांनी चिंध्या तेलात बुडवून गाडीखाली जाळ केला, स्वतःचा मफलरही त्यात घातला, आणि ट्रक चालू झाला. बास. मी मोठा झाल्यावर आबांनी ही गोष्ट काढली की मी फोनमधून मान न काढता म्हणायचो, "हो आबा, आणि ट्रक चालू झाला," आणि उठायचो. तीच शिळी गोष्ट. ती ऐकायला हा माणूस रोज येतो? मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच दुप्पट राग आला. म्हणजे माझ्याकडं नव्हतं असं त्यांना काहीच मिळत नव्हतं, मला जे नको होतं तेच ते घेऊन जात होते आणि तरी आबा त्यांनाच गड्या म्हणत होते.

दोन वर्षांपूर्वी आबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण गेलं. साताऱ्यात महिनाभर दवाखाना करून आम्ही त्यांना घरी आणलं. तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी. आता तंत्रज्ञानच कामाला येणार. मी एक टॅबलेट आणला, त्यात बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रं होती. पाण्याचं चित्र दाबलं की टॅबलेट पाणी म्हणायचा. आबा डाव्या हातानं पाणी, जेवण आणि दुखतंय ही तीन चित्रं दाबायला शिकले. लॅबवाल्यांनी ते पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "लय झ्याक काम केलंत सर." मी आठवडाभर छाती काढून फिरलो. पण साडेपाच वाजले की आबा टॅबलेट बाजूला ढकलून फाटकाकडं बघायला लागायचे.

ते यायचेच. एक दिवस मी बाहेर जाताना दारात थबकलो, कारण सोप्यात लॅबवाल्यांचा आवाज मोठ्यानं येत होता. इतकी वर्षं ते ऐकत आले होते, आता तेच सांगत होते. आबांची गोष्ट आबांनाच. "मग तुमी चिंध्या त्येलात बुडीवल्या. मफलर बी घातला. जाळ केला. आन् गाडी चालू झाली." आबा डोळे मिटून पडले होते. गोष्ट संपली म्हणून मी चपला घालायला वाकलो. आवाज थांबला नाही. "आन् तुमी निगाला," लॅबवाले म्हणाले. "येकटंच."

मी तसाच वाकलेला राहिलो.

आबांच्या बरोबर एक जोडीदार होता, जतच्या बाजूचा. गाडी बंद पडल्यावर तो मागच्या चौकीवर रॉकेल आणायला चालत गेला होता. तो परत यायच्या आत गाडी चालू झाली. पुन्हा बंद पडली तर मेलोच, या भीतीनं आणि चालू झाली या आनंदात आबांनी गिअर टाकला आणि निघाले. दोन-तीन मैल गेल्यावर त्यांनी बिडी पेटवली, एक शेजारी पुढं केली, तर शेजारी कुणीच नव्हतं. रस्ता एका गाडीचा, वळवायला जागा नाही. इंजिन चालू ठेवून आबा चालत मागं गेले. जिथं गाडी उभी होती तिथं तो रॉकेलचा डबा मांडीवर घेऊन बर्फात बसला होता. दवाखान्यात त्याच्या पायाची तीन बोटं काढली. साहेबांनी चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, माझंच चुकलं, मीच मागं राहिलो. आबा शेजारीच उभे होते. गाडी वाचवल्याबद्दल साहेबांनी त्यांना शाबासकी दिली आणि त्यांनी ती घेतली. हे सगळं लॅबवाल्यांनी, काही कमी न करता आणि काही न वाढवता, दूध-भाकरीचं बोलावं तसं सांगितलं. आबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र शांत होता.

सव्वासहाला ते निघाले तसा मी फाटकात त्यांना गाठलं. हे आबांनी तुम्हाला कधी सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, रोज. माझा आवाज चढला. "मला का नाही सांगितलं? मी मुलगा आहे त्यांचा."

"सांगत हुते की," लॅबवाले म्हणाले. "तुमाला बी सांगायला लय येळा सुरुवात केली म्हनले. पर गाडी चालू झाली की तुमी उठत हुता."

मला त्या क्षणी त्यांचा जेवढा मत्सर वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही. चोरी झाली असती तर तक्रार करता आली असती. इथं माझ्याच दारात ठेवलेली वस्तू मी रोज ओलांडून गेलो होतो आणि या माणसानं ती फक्त उचलून घेतली होती. मी हरणाऱ्या माणसासारखा काहीतरी मोठं करून दाखवायला निघालो. म्हणालो, त्या जोडीदाराला आपण शोधू. माजी सैनिकांचा एक ग्रुप आहे, जतला माझे दोन मित्र आहेत, अर्ध्या तासात पत्ता लावतो. तुम्हाला इतक्या वर्षांत हे सुचलं कसं नाही?

ते सायकलचं स्टँड काढत होते. थांबून माझ्याकडं पाहिलं. "आबांनी शोध म्हनून सांगितलंच न्हवतं, सर. ऐक म्हनले हुते."

यंदा ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी त्यांना तंत्रज्ञानाचा संतुलित वापर करणारे आदर्श कर्मचारी म्हटलं. ते भाषण मी फोनवर टिपत होतो आणि प्रत्येक विशेषणाला मला ठसका लागत होता. ते भावाबरोबर मेंढरं घेऊन कोकणात जाणार होते. जायच्या आदल्या दिवशी आबांच्या पायांवर डोकं ठेवून बाहेर आले आणि मला म्हणाले, आता साडेपाचला तुमी. मी म्हणालो, मला सगळी गोष्ट नीट पाठ नाही, तुम्ही एकदा फोनवर रेकॉर्ड करून द्या, मी रोज लावत जाईन. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच म्हणालो, राहू द्या. गेल्यावर मी त्यांना एकदाच फोन केला, संध्याकाळी सव्वासातला, वेळेत. मागून मेंढरांचा आवाज येत होता. रॉकेलचा डबा मांडीवर होता की शेजारी, एवढंच मला विचारायचं होतं. मांडीवर, ते म्हणाले.

पहिल्या दिवशी मी साडेपाचला फोन आत कपाटात ठेवला आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसलो. आबा फाटकाकडं बघत होते. मी सुरुवात केली. चिंध्या, तेल, मफलर, जाळ. आबांनी फाटकावरची नजर काढली नाही. गाडी चालू झाली, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी सवयीनं माझ्याकडं वळून पाहिलं. मी उठतोय का, ते पाहत असावेत. मी पुढं गेलो. बिडीपर्यंत आलो, डब्यापर्यंत आलो, तीन बोटांपर्यंत आलो. साहेबांनी चौकशी केली, मी म्हणालो, आणि तो म्हणाला, मीच मागं राहिलो. आणि तिथं मी थांबलो. शेवटी माझे वडील होते. म्हणालो, झालं, संपलं.

आबांचा डावा हात खाटेच्या लाकडावर आपटला. मी म्हणालो, साहेबासमोर तुम्ही तरी काय बोलणार होता, आबा, लहान होता तुम्ही तेव्हा. हात पुन्हा आपटला, आधीपेक्षा जोरात. सोप्यात बायको आली, तिनं विचारलं काय झालं. मी तिला हातानंच थांब म्हणालो. लॅबवाल्यांपुढं हा हात कधी आपटला नसणार, हे मला त्याही वेळी डाचलं.

"तुम्ही तिथंच उभे होता," मी म्हणालो. "त्यानं आळ स्वतःवर घेतला आणि तुम्ही गप्प बसलात, आबा. शाबासकी घेतलीत."

हात उतरला. आबांनी माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ, आणि मग डोळे मिटले. गोष्ट संपली होती, तरी मी उठलो नाही.